पहिला बार

“माझ्यासंग रुखमा बसन,” भय्याजी म्हणाले, आणि बोडीच्या, म्हणजे रानातल्या छोट्या तळ्याच्या, पाळीवर चहा पीत बसलेली मंडळी एकमेकांकडं पाहू लागली.

रुखमा चुलीपाशी होती. हातातली फुंकणी तशीच तोंडापाशी राहिली. आपलंच नाव ऐकलं की धुरानं कान बधिर झाले, तिला कळेना. सासूला, गोदावरीबाईंना, मात्र बरोबर ऐकू आलं होतं.

“काय बोलून राहिले तुमी? सून सासऱ्यासंग मचाणीवर बसन? लोक तोंडात शेन घालतीन.”

“लोक कुठी हायेत इथं? सारे घरचेच त हायेत.”

हे काही पुरतं खरं नव्हतं. तुमसरचे श्यामराव घरचे नव्हते. तिथं त्यांची भात भरडायची गिरणी होती, ताराचंदशी दोस्ती होती, आणि यंदा स्वतःची जीप घेऊन ते मुद्दाम शिकारीला आले होते. कवडू आणि त्याचे हाकेकरीही घरचे नव्हते. पण भय्याजींनी एकदा सारे घरचे म्हटलं की त्यांच्या गावात, आंबेटोल्यात, ते सगळे घरचेच.

दरवर्षी धान घरात आलं की हे कुटुंब नाकाडोंगरीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला येई. डुकरांनी वर्षभर धानाच्या बांध्या उकरून जो उच्छाद मांडलेला असे, त्याचं उट्टं काढायचं हे निमित्त. खरं कारण म्हणजे मजा. बाया बोडीच्या काठी चुली मांडायच्या, पुरुष मचाणी बांधायचे, हाकेकरी रानाच्या पलीकडून डफडी बडवत जनावरं पुढं हाकायचे. आणि नियम एकच. पहिला बार घरातल्या वडीलधाऱ्याचा. तो झाल्याशिवाय दुसऱ्या कुणी बंदुकीच्या घोड्याला बोटसुद्धा लावायचं नाही, मग समोरून डुकरांचा कळप का जाईना. घरातली दुनळी बंदूक भय्याजींची, म्हणून पहिला बार भय्याजींचा, आणि पहिला बार भय्याजींचा म्हणून घरातला शेवटचा शब्दही भय्याजींचाच. ताराचंद, थोरला, त्या बंदुकीकडं गेली कितीतरी वर्षं सणाच्या ताटाकडं पाहावं तसा पाहत होता.

“बाबूजी, मी बसतो ना तुमच्यासंग,” तो आता गोड आवाजात म्हणाला. “तुमचा हात थकला त मी हाव.”

“माझा हात नाही थकला.”

“तसं नाही, पन पुढल्या सालापासून नवा कायदा येऊन राहिला म्हनतेत. शिकार बंद होनार. मंग हे शेवटचीच समजा. एखादा बार माझ्याही हातून—”

“शेवटची हाय म्हून त मीच मारन,” भय्याजी म्हणाले आणि कप खाली ठेवायला हात पुढं केला. कप दगडाच्या कडेवर टेकला, कलंडला, चहा सांडला. श्यामराव हसले, “थंडी गंज हाय बाप्पा, हात कापते.” सगळ्यांनी मान डोलावली.

रुखमाला मात्र माहीत होतं की हात कापला नव्हता. दगड कुठं संपतो हे भय्याजींना दिसलंच नव्हतं.

हे तिला पोळ्याच्या आसपास कळलं होतं. अंगणात दोरीवर धोतर वाळत होतं. भय्याजी ओसरीवरून उतरले, त्या धोतरासमोर उभे राहिले आणि दटावून म्हणाले, “तेजराम, बैलाले पानी दाखव, उभा काय राहाला?” धोतर वाऱ्यानं हललं. भय्याजींना वाटलं, लेक निघाला. ते समाधानानं परत वळले. रुखमा भिंतीआड उभी होती. तिला आधी हसू आलं, मग ते ओठांवरच विरलं. ती गेली आणि बैलांना तिनंच पाणी पाजलं. कुणाला काही सांगितलं नाही. दुपारी तेजराम शेतावरून आला, तेव्हा भय्याजींना कळलं की तो सकाळपासून घरी नव्हताच. ते बराच वेळ दोरीच्या दिशेला तोंड करून बसले. मग त्यांनी गोठ्यात जाऊन बैलांच्या तोंडाला हात लावून पाहिला. पाणी पाजलेलं होतं, आणि सकाळी गोठ्याकडं वाजत गेलेल्या बांगड्या रुखमाच्या होत्या.

तेव्हापासून दोघांत एक करार झाला, न बोलता झालेला. बोलणार तरी कसे? लग्न होऊन आल्यापासून रुखमा सासऱ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. घरची रीतच तशी. काही सांगायचं तर सासूकडून, नाहीतर दाराआडून भांड्याला सांगितल्यासारखं करून. पण हातात बांगड्या होत्या. जेवायला वाढताना ती वाटी ठेवी आणि बांगडी एकदा वाजवी, की भय्याजींचा हात बरोबर वाटीवर जाई. पायरीपाशी वाजवी. विहिरीच्या काठापाशी तर दोनदा वाजवी. घरात सगळे म्हणत, धाकटीच्या बांगड्या फार वाजतात बाई. गोदावरीबाईंनी तर एकदा टोमणाही मारला होता. पण म्हातारा उरलेला पावसाळा आणि अर्धा हिवाळा एकदाही ठेचकाळला नव्हता.

आणि आता तो तिला मचाणीवर बोलावत होता. का, हे तिला उमजलं होतं. त्याला बांगड्या हव्या होत्या.

खरकटी भांडी घ्यायच्या मिषानं ती नवऱ्याला, तेजरामला, गाठायला गेली. तेजराम डोक्याला मुंडासं गुंडाळत होता. दरवर्षी हाका तोच चालवी. बंदुकीपेक्षा त्याला ओरडण्यात जास्त रस.

“आयका ना,” ती हळूच म्हणाली, “आज तुमी हाक्यात नोका जाऊ.”

“काहून?”

“मामाजीले दिसत नाही.”

तेजराम हसला. “बाबूजीले? त्यायले इथून तुमसरची गिरनी दिसते.”

“त्यायले समोरचं ताट दिसत नाही. माझ्या गळ्याची आन. तुमी समोरून येसान अन् ते बार टाकतीन. त्यायले डुक्कर कोनतं अन् लेक कोनता, काई कळनार नाही.”

तेजरामचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं दूर बसलेल्या बापाकडं पाहिलं. भय्याजी मांडीवर दुनळी घेऊन तेलाच्या फडक्यानं नळी पुसत होते. तीच जागा, पुन्हा पुन्हा.

“मंग सांगून देऊ साऱ्यायले?”

“श्यामरावापुढं?” रुखमा म्हणाली. “सांगा. अन् मंग पाहा मामाजी वाचते का.”

दोघांनाही माहीत होतं की या माणसाला डोळ्यांपेक्षा ताठ मान मोठी आहे. परक्यासमोर ती खाली गेली तर पुन्हा वर यायची नाही.

“हे पाय,” तो शेवटी म्हणाला, “हाका नाल्याच्या पल्याडच थांबते. नाला वलांडून कोनी येत नाही, मीही येनार नाही. अल्याड जे येईन ते जनावर. तू भिऊ नोको. अन् तू हायस ना वरते.”

एवढं बोलून तो गेला. रुखमानं लुगड्याचा काठ फाडून दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडं सारून घट्ट बांधल्या, कारण मचाणीवर आवाज केलेला चालत नाही हे तिलाही ठाऊक होतं. बांधून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आता सासऱ्याशी बोलायचं एकुलतं एक साधनही गेलं.

मचाण नाल्याकाठच्या जुन्या ऐनाच्या झाडावर होती. भय्याजी शिडी चढले ते मात्र तरण्या माणसासारखे. पायाला सारं पाठ होतं. रुखमा मागून चढली, डोईवरचा पदर दातात धरून. वर बसायला जागा एवढीशी. सासऱ्याकडं पाठ करावी तर बेअदबी, तोंड करावं तरी बेअदबी. शेवटी ती तिरकी बसली. शेजारच्या मचाणीवर, पलीकडच्या वळणावर, ताराचंद आणि श्यामराव होते. ते दिसत नव्हते.

ती जंगलात सरपणाला, मोह वेचायला, तेंदूपानाला शंभरदा आली असेल, पण नेहमी खाली मान घालून. झाडाच्या उंचीवरून तिनं ते कधी पाहिलंच नव्हतं. धुकं अजून खाली नाल्यात बसलं होतं आणि त्याच्यावर उन्हाचा पहिला हात पडला होता. सागाची पानं गळत होती. एकेक पान सुटलं की खाली पोचेपर्यंत त्याचा खडखडाट ऐकू येई. इतकं शांत होतं की तिला आपण इथं आगंतूक आहोत असं वाटलं. जग एवढं मोठं आहे आणि आपण त्यात चूल फुंकत बसतो, असा एक वेडगळ विचार तिच्या मनात आला. तिला त्याची लाज वाटली नाही.

मग पलीकडून डफडी वाजली. हाका सुटला.

आधी मोर आले, झाडांवरून फडफडत. मग एक ससा. भय्याजींनी मान कलती केली. बंदूक खांद्याला गेली. “काय हाय?” त्यांनी पुटपुटल्यासारखं विचारलं.

रुखमानं सवयीनं हात हलवला. बांगड्या मुक्या. तिनं ओठ उघडले, पण शब्द येईना. वर्षानुवर्षं बांधून ठेवलेला आवाज असा हुकमासरशी सुटत नाही.

“बोल बाई,” भय्याजी हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात विनवणी होती. “आता तूच माझे डोये. रीत मी मोडली, पाप मले. बोल.”

“ससा,” ती म्हणाली. सासऱ्याशी बोललेला पहिला शब्द.

“जाऊ दे त्याले.”

त्यानंतर चितळांचा कळप आला. “चितळं,” ती म्हणाली. त्यांनाही जाऊ दिलं. आता ती भराभर सांगू लागली होती. कोल्हा. पुन्हा मोर. डफड्यांचा आवाज जवळ आला आणि मग अचानक एका बाजूनं थांबला. तिकडून कवडूच्या लोकांचा गलका ऐकू आला, पण शब्द कळले नाहीत. आणि समोरच्या बांबूच्या बेटात काहीतरी जड हललं.

भय्याजी ताठ झाले. “डुक्कर हाय. मोठा. आला ना?”

बांबू दोन्ही बाजूंना वाकले आणि त्यातून तो बाहेर आला.

घरी गोठ्यात चार बैल होते आणि त्यांतला मोठा अख्ख्या आंबेटोल्यात मोठा समजला जाई. तो बैल याच्या पोटाखालून निघून गेला असता. काळा, पण नुसता काळा नव्हे, तेल चोळल्यासारखा काळा. मानेमागून पाठीपर्यंत मांसाचा एक डोंगर. शिंगं बुडाशी पिवळसर, टोकाला काळी, आणि दोन शिंगांच्या मधलं कपाळ राखेच्या रंगाचं. पाय मात्र गुडघ्यापर्यंत पांढरे, जसा काही चुन्याच्या पाण्यातून चालत आला. तो घाईत नव्हता. मागं डफडी वाजत होती, माणसं ओरडत होती, पण ते त्याच्यासाठी नाहीच असा तो मचाणीखाली येऊन उभा राहिला. त्याचा श्वास वरपर्यंत ऐकू येत होता. घाण्यावर येतो तसा वास आला, तेलाचा, गोडसर.

“सांग ना!” भय्याजींचं बोट घोड्यावर होतं.

“मामाजी,” ती कशीबशी म्हणाली, “डुक्कर नाही. गवा हाय.”

बोट घोड्यावरून निघालं. गव्यावर बार टाकणं म्हणजे गायीवर टाकणं, हे या घरात पाळण्यातल्या पोराला ठाऊक. भय्याजींनी बंदूक खाली घेतली आणि ते काही क्षण नुसते त्या श्वासाकडं कान लावून राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“केवढा हाय वो?” त्यांनी लहान पोरानं विचारावं तसं विचारलं.

ती सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात नाल्याच्या अलीकडं, करवंदीच्या जाळीत, काहीतरी सरपटलं.

गव्याचे कान तिकडं फिरले. भय्याजींचेही. “हे मातर डुक्कर हाय,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “गव्याच्या आडून जाऊन राहिला,” आणि दुनळी पुन्हा वर आली, आवाजाच्या रोखानं, अचूक. डोळे गेले होते, पण चाळीस वर्षांचा हात गेला नव्हता. रुखमानं जाळीत पाहिलं. पानांमधून एक मुंडासं दिसलं. मातकट, तांबड्या काठाचं. तिनंच धुतलं होतं ते.

नाही म्हणायला वेळ नव्हता. माणूस आहे म्हणायलाही नव्हता. आणि लग्नातला उखाणा सोडला तर जे नाव तिनं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य तुटतं असं आईनं बजावून पाठवलं होतं, ते नाव तिच्या पोटातून सगळ्या रानाला ऐकू जाईल एवढ्यानं बाहेर पडलं.

“तेजराम!”

नळी वर उडाली. बार झालाच नाही. गव्यानं एकदा फुत्कार टाकला, जमीन हादरली, आणि तो वळून वाळलेल्या नाल्यातून असा निघाला की वाटेतला बांबू काडीसारखा मोडत गेला. बेटातून त्याच्या मागं आणखी गवे होते. गायी, वासरं, एकामागून एक. रुखमा श्वास धरून पाहत राहिली. ते संपेचनात. त्यांच्या पायांशी घाबरलेली डुकरं धावत होती, चरून मातलेली, आणि या मचाणीवर कुणी त्यांच्याकडं ढुंकूनही पाहत नव्हतं. धूळ खाली बसली तेव्हा जाळीत तेजराम उकिडवा बसला होता, जिवंत, तोंड उघडं टाकून.

मचाणीवर भय्याजींनी बंदूक मांडीवर आडवी ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बोडीवर परत आले तेव्हा श्यामराव चांगलेच तापले होते. “समोरून डुकरायची बारात गेली, बाप्पा! हात चोळत बसलो. काहून बार नाही टाकला भय्याजी तुमी? पहिला बार नाही त आमचाही नाही!”

“अन् वरडलं कोन?” ताराचंदनं विचारलं. त्यानं बापाकडं नाही, रुखमाकडं पाहिलं.

पानं मांडली होती. भात, वांग्याची भाजी, लाखोळीचं वरण. कुणी घास उचलत नव्हतं. रुखमा पदर ओढून चुलीआड बसली. गोदावरीबाईंनी मात्र सोडलं नाही. “मी आयकलं इथवर. नवऱ्याचं नाव! साऱ्या रानात! काई लाजशरम हाय का नाही? तुले माहीत नाही त्याचं आयुष्य कमी होते?”

“माय, जाऊ दे,” तेजराम म्हणाला. “चूक माझी हाय. कवडूनं गवे पाहिले अन् मले वाटलं, बाबूजी त्यायच्यावर बार टाकतीन. सांगाले धावलो. वरडलो असतो त गवा अंगावर आला असता.”

“बाबूजी काहून टाकतीन गव्यावर?” ताराचंद म्हणाला. “त्यायले काय गवा दिसत नाही?”

तेजरामनं जीभ चावली. ताराचंदनं बापाच्या हातातल्या बंदुकीकडं पाहिलं. आता ती मागायला फक्त एक वाक्य पुरे होतं, आणि ते त्याच्या ओठांवर आलेलं रुखमाला पदराआडून दिसत होतं.

“नाही दिसत,” भय्याजी म्हणाले.

ते इतकं साध्या आवाजात म्हणाले की आधी कुणाला समजलंच नाही.

“मले दिसत नाही. गवा दिसत नाही, डुक्कर दिसत नाही, लेक दिसत नाही. तुमची तोंडंही नाही दिसत आता. तिनं नाव घेतलं म्हून तेजराम इथं जेवाले बसला. नसतं घेतलं त त्याले चौघायच्या खांद्यावर घरी न्या लागलं असतं.” त्यांचा आवाज फाटला. “आयुष्य कमी होते म्हनते तू. आज वाढलं वो त्याचं.”

श्यामरावांनी मान खाली घातली. माणूस गिरणीवाला असला तरी वाईट नव्हता. गोदावरीबाई उठून नवऱ्याजवळ जाऊन बसल्या.

“मले काहून नाही सांगतलं?”

“तू रडली असती.”

“मंग आता काय करून राहिली?” त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत त्यांनी भय्याजींचा हात धरून भातावर ठेवला.

भय्याजींनी दुसऱ्या हातानं दुनळी चाचपली, उचलली आणि ताराचंदच्या दिशेला पुढं केली. ताराचंदनं ती घेतली. बरीच वर्षं वाट पाहिलेली वस्तू हातात आल्यावर माणसाचं तोंड असं उतरतं, हे रुखमानं पहिल्यांदा पाहिलं.

“तुमसरच्या ठाण्यात जमा करून देजो,” भय्याजी म्हणाले. “घरात नाही ठेवाची.”

“अन् पहिला बार? घरचा मान?”

“झाला तो. आज झाला, तिच्या तोंडून.”

ताराचंद काहीतरी बोलणार होता. मग त्यानं भावाकडं पाहिलं. तेजरामच्या मुंडाशात करवंदीचा काटा अजून अडकलेला होता. ताराचंदनं बंदूक जीपच्या चाकाला टेकवून ठेवली, परत येऊन भावाजवळ बसला आणि तो काटा काढून टाकला.

हळूहळू जेवण सुरू झालं. रुखमा वाढायला उठली. वाटी भय्याजींपुढं ठेवताना तिनं सवयीनं हात हलवला आणि तिला आठवलं, बांगड्या अजून बांधलेल्याच आहेत. ती थांबली.

“उजवीकडं हाय, मामाजी,” ती म्हणाली. साऱ्यांसमोर.

तिनं भीतभीत सासूकडं पाहिलं. गोदावरीबाईंनी बराच वेळ तिच्या बांधलेल्या हातांकडं पाहिलं. इतके महिने फार वाजणाऱ्या बांगड्यांचा अर्थ त्यांना बहुतेक आत्ता लागत होता. त्यांनी रुखमाचा हात ओढून घेतला, गाठ सोडली आणि चिंधी बाजूला टाकली.

“बस इथं,” त्या म्हणाल्या. “त्यायच्या समोर बस. काय आलं होतं म्हने खाली? आमीही आयकतो.”

भय्याजींनी घास हातातच धरला. चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेला वळवला, थोडा चुकून, तिच्या खांद्यावरून मागच्या सागाकडं.

“पायापासून सांग,” ते म्हणाले. “घाई नोको करू.”

रुखमानं डोळे मिटले. तो अजून तिथंच उभा होता.

“पाय पांढरे होते, मामाजी,” ती म्हणाली. “गुडघ्यापर्यंत.”